पुंगळी शेल होल्डरमध्ये नीट बसत नाही? रायफलची काडतुसं पुन्हा भरणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत रेंजवर नेमबाजी करणारी बरीच मराठी मंडळी आता स्वतःची काडतुसं स्वतः भरू लागली आहेत. नवा प्रेस (झाडलेली रिकामी पितळी पुंगळी पुन्हा मापात आणून भरायचं हातयंत्र) घरी आला की आठवड्याभरात फोन येतो: "अहो, पुंगळी होल्डरमध्ये जात नाहीये. जरा ठोकू का?" ठोकू नका. त्या फोनवर मी जे सांगतो तेच इथे सविस्तर लिहिलं आहे. दारू किती भरायची याबद्दल इथे एक अक्षरही नाही. ते दारू आणि गोळी बनवणाऱ्यांच्या चालू मॅन्युअलमध्येच पाहायचं, कुणाच्या ऐकीव आकड्यावर विसंबायचं नाही.

शेल होल्डर म्हणजे नेमकं काय?

प्रेसच्या रॅमच्या, म्हणजे वर-खाली सरकणाऱ्या दांड्याच्या, टोकावर बसणारा, अंगठ्याच्या पेराएवढा पोलादी तुकडा. खालच्या बाजूला त्याला एक गोल बुंधा असतो, तो रॅममध्ये सरकतो. वर समोरून उघडी अशी इंग्रजी यू अक्षरासारखी खाच असते आणि तिच्या दोन्ही कडांना आतल्या बाजूला ओठ असतात. पुंगळीचं बूड समोरून आत सरकवायचं, म्हणजे तिची रिम, बुडाची गोल कड, त्या ओठांखाली जाते. मधे एक भोक असतं. जुना प्रायमर (दारू पेटवणारी, बुडातली छोटी टोपी) तिथून खाली पडतो आणि नवा तिथूनच वर चढतो.

नवशिक्यांच्या बहुतेक चुका होल्डरचं काम अर्धंच लक्षात घेतल्यामुळे होतात. हँडल खाली ओढलं की रॅम वर जातो. तेव्हा होल्डरचा तळ पुंगळीला बुडाखालून ढकलत डायमध्ये, म्हणजे तिला मापात दाबणाऱ्या पोलादी साच्यात, घुसवतो. या फेरीत रिमला काहीच काम नसतं, पुंगळी नुसती सपाट तळावर उभी असली तरी चालतं. हँडल वर नेलं की उलटं होतं. डायमध्ये गच्च बसलेली पुंगळी ओढून बाहेर काढायची असते आणि तो सगळा ताण रिमवर येतो. ती रिम धरून ठेवायला होल्डरचे दोन ओठ, एवढंच. म्हणून चुकीचा होल्डर जाताना गप्प असतो आणि येताना दगा देतो.

पुंगळीच्या बुडाशी कुठली मापं बघायची?

तीन. रिमचा व्यास, रिमची जाडी आणि रिमच्या वर जी खाच असते तिचा व्यास. रायफलचा एक्स्ट्रॅक्टर ज्या खाचेत नख अडकवून पुंगळी बाहेर खेचतो, तीच ही खाच. .३०८ विंचेस्टरचं उदाहरण घ्या: रिम ०.४७३ इंच, म्हणजे १२.०१ मिलिमीटर. रिमची जाडी ०.०५४ इंच. खाच ०.४०९ इंच. होल्डरच्या ओठांमधलं अंतर खाचेपेक्षा थोडं जास्त आणि रिमपेक्षा स्पष्ट कमी असायला हवं. ओठांखालची उंची रिमच्या जाडीपेक्षा जराशी जास्त हवी. बाकी सगळे नंबर आणि तक्ते याच हिशोबावर उभे आहेत.

घरी एक साधा डिजिटल व्हर्नियर ठेवा. पिंपरीच्या टूलरूममध्ये शिकाऊ असताना आमचे फोरमन पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "आधी मोज, मग बोल." तिथे इंचाच्या हजाराव्या भागाला सगळे 'थाऊ' म्हणायचे. मी आजही तोच शब्द वापरतो, आणि पुढेही इथे तोच येईल.

मी एच-१बी व्हिसावर आहे. प्रेस घेऊ का?

घाई करू नका. आधी वकिलाशी बोला. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूकच नाही, दारूगोळाही बाळगायला मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. पण त्या कायद्यात 'दारूगोळा' या शब्दाची व्याख्या बरीच रुंद आहे. तयार काडतूस तर त्यात आहेच, शिवाय सुटी पुंगळी, प्रायमर, गोळी आणि दारूही आहे. म्हणजे रेंजवरून उचलून खिशात टाकलेल्या रिकाम्या पितळी पुंगळ्याही याच कक्षेत येऊ शकतात. ग्रीन कार्डधारक आणि नागरिक यांना ही मनाई लागू नाही. स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला केंद्राचा परवाना लागत नाही. विकायला बनवत असाल तर मात्र लागतो. राज्याचे नियम वेगळे असतात, ते वेगळे बघा.

आपल्यातली अनेक मुलं मित्राबरोबर सहज रेंजवर जातात आणि तिथून छंद लागतो. त्यांना हे कुणीतरी वेळेत सांगायला हवं, म्हणून हा प्रश्न इतका वर घेतला आहे.

माझ्या काडतुसाला कुठल्या नंबरचा होल्डर लागेल?

रेंजवर सर्वांत जास्त दिसणाऱ्या तीन घराण्यांचे नंबर देतो, आधी होल्डरच्या कंपनीचं नाव, मग तिचा नंबर.

.३०८ विंचेस्टर, .३०-०६, .२४३, .२७०, ६.५ क्रीडमूर (रिम ०.४७३ इंच): आरसीबीएस ३, ली २, हॉर्नडी १, रेडिंग १, लायमन २.

.२२३ रेमिंग्टन, ५.५६, .३०० ब्लॅकआउट (रिम ०.३७८ इंच): आरसीबीएस १०, ली ४, हॉर्नडी १६, रेडिंग १०, लायमन २६.

.३०० विंचेस्टर मॅग्नम, ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम, .३३८ विंचेस्टर मॅग्नम (रिम ०.५३२ इंच): आरसीबीएस ४, ली ५, हॉर्नडी ५, रेडिंग ६, लायमन १३.

याशिवाय ७.६२×३९ ला आरसीबीएस ३२ किंवा ली १२ आणि .३०३ ब्रिटिशला आरसीबीएस ७ किंवा ली ५. यादीत नसलेल्या काडतुसासाठी होल्डर बनवणाऱ्याचा तक्ता बघा.

प्रत्येक कंपनीचे नंबर वेगळे का?

होल्डरच्या नंबरांना कुठलंही सामाईक प्रमाण नाही. काडतुसाची आणि चेंबरची (नळीतली काडतूस बसायची जागा) मापं अमेरिकेत 'सामी' ही १९२६ साली स्थापन झालेली संस्था ठरवते. होल्डरचे नंबर मात्र ज्याने त्याने आपापल्या यादीत घातले. त्यामुळे 'मित्राकडे तीन नंबर आहे, मीही तीन नंबर घेतो' असं करू नका. कंपनीचं नाव आणि नंबर ही जोडी एकत्रच लक्षात ठेवायची.

.३०८, .३०-०६, ६.५ क्रीडमूर इतकी वेगवेगळी, तरी होल्डर एकच कसा?

या सगळ्यांचं बूड एकाच मूळपुरुषाचं आहे. १८८८ साली जर्मन सैन्याने ८ मिलिमीटरचं 'बिनरिमचं', म्हणजे रिम अंगाबाहेर न येणारं, काडतूस घेतलं. पुढे माउझर रायफलींबरोबर तो बुडाचा आकार जगभर गेला. बोल्टचं (काडतूस मागून बंद करणाऱ्या दांड्याचं) तोंड, एक्स्ट्रॅक्टर, मॅगझिन हे सगळं त्या बुडाभोवती बेतलेलं असल्यामुळे नवं काडतूस काढणाऱ्याला तेच बूड ठेवणं सोयीचं पडलं. १९०६ ची .३०-०६, तिच्यापासून १९२५ ची .२७०, १९५२ ची .३०८, तिच्यापासून १९५५ ची .२४३ आणि थेट २००७ ची ६.५ क्रीडमूर. मान बदलली, खांदा (मानेखालचा उतार) बदलला, लांबी बदलली, बूड जवळजवळ तेच राहिलं. .४५ एसीपी हे पिस्तुलाचं काडतूससुद्धा याच होल्डरमध्ये जातं.

उलटंही घडतं. अंगाने जाड पण रिम बारीक अशी काही काडतुसं आहेत. १९६३ ची .२८४ विंचेस्टर अंगाने अर्धा इंच जाड आहे, पण रिम ०.४७३ च, कारण ती नेहमीच्या बोल्टमध्ये चालायला हवी होती. तिला .३०८ चाच होल्डर लागतो. म्हणून पुंगळीच्या अंगाकडे बघून होल्डर निवडू नका, बूड बघा.

होल्डर बरोबर आहे, तरी पुंगळी आत जातच नाही. का?

याचं उत्तर जरा लांब आहे, कारण कारणं बरीच आहेत आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा.

सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे रिमवरची बर. अर्धस्वयंचलित रायफलमध्ये एक्स्ट्रॅक्टर पुंगळीला जोरात हिसका देतो आणि नख जिथे लागतं तिथे पितळ उचकटून वर येतं. एआर-१० किंवा एम-१ गॅरंडमधून निघालेल्या पुंगळ्या पाहा: रिमच्या एका जागी नखाने ओरखडल्यासारखी खूण दिसेल. डोळ्यांना दिसली नाही तरी बोटाला लागते. पुंगळी उलटी धरून तर्जनीचं टोक रिमवरून सावकाश एक पूर्ण फेरी फिरवा. बर असेल तिथे बोट अडखळेल. नंतर पुंगळी होल्डरमध्ये थोडी फिरवून वेगळ्या बाजूने घालून बघा. एका बाजूने जाते, दुसऱ्या बाजूने अडते, असं झालं तर दोष त्या बरचाच, दुसरं काही नाही. बारीक दातांची सपाट कानस घ्या आणि तेवढाच उंचवटा दोन-तीन हलक्या हातांनी काढा. रिमचा व्यास घासायचा नाही. खाली बसलेली किंवा वाकलेली रिम असेल तर पुंगळी भंगारात टाका. वाकलेलं पितळ सरळ करून पुन्हा एक्स्ट्रॅक्टरच्या तोंडी द्यायचं नाही.

दुसरं कारण: पुंगळी वेगळ्याच काडतुसाची. रेंजवरून गोळा केलेल्या बादलीत .३०८ बरोबर .३०-३० मिसळलेली असते. बुडावरचा शिक्का वाचा. शिक्का पुसट असेल तर व्हर्नियर लावा. ओळख पटली नाही तर ती पुंगळी भरायची नाही.

तिसरं कारण म्हणजे होल्डरमध्येच अडकलेली घाण. पिचलेल्या प्रायमरचा तुकडा, पुंगळ्या घासून साफ करणाऱ्या टम्बलरमधला अक्रोडाच्या टरफलाचा किंवा मक्याच्या कणसाचा कण, चिकट झालेलं वंगण. हे सगळं ओठांखालच्या कोपऱ्यात साठतं, जिथे नजर जात नाही. जुना टूथब्रश आणि थोडं स्पिरिट पुरतं.

चौथं कारण मापातलं. ६.५×५५ स्वीडिशची मूळ रिम ०.४८० इंच, म्हणजे .३०८ पेक्षा सात थाऊ मोठी. अमेरिकेत बनलेल्या तिच्या काही पुंगळ्यांची रिम मात्र ०.४७३ ची असते. त्यामुळे एका कंपनीची पुंगळी सहज जाते आणि दुसरीची घासत जाते. यात पुंगळी खराब नाही, होल्डरही खराब नाही. दुसऱ्या कंपनीचा होल्डर आणून बघा. फार खर्चाचा प्रश्न नसतो.

सुरुवातीच्या वर्षात मी हे न तपासता एक पुंगळी लाकडी हातोडीने हलकेच ठोकून आत घातली होती. बर एकाच बाजूला होती, त्यामुळे पुंगळी तळावर सपाट न बसता एका अंगाने उचललेली राहिली. मी हँडल दाबलं. डिकॅपिंग पिन (डायमधली, जुना प्रायमर ढकलून काढणारी) भोकाऐवजी पितळावर उतरली आणि वाकली. पिन दीड डॉलरची होती, पण सगळी संध्याकाळ वाया गेली. त्या दिवसापासून जी पुंगळी दोन बोटांच्या जोराने आत जात नाही, ती मी बाजूला ठेवतो.

किती सैल असलेलं चालतं?

थोडं सैल असायलाच हवं. पुंगळी होल्डरमध्ये जरा हलली तरच ती डायच्या तोंडाशी स्वतःचं केंद्र स्वतः शोधते. घट्ट बसली म्हणजे चांगली, असा टूलरूमच्या माणसाचा स्वाभाविक समज असतो, पण इथे तो लागू पडत नाही. बोटाने हलवली की किंचित डुलते, पण सरळ वर उचलली तर ओठ तिला सोडत नाहीत, एवढं बरोबर.

याच्या पलीकडचं सैल धोक्याचं. ७.६२×३९ ची रिम ०.४४७ इंच. ती ०.४७३ च्या होल्डरमध्ये घातली तर उभी राहते, पण पुढे-मागे सरकते, प्रायमर मध्यावर येत नाही आणि ओढताना ओठांना रिमची जेमतेम कडा सापडते. "चालून जातंय ना" म्हणून असलाच होल्डर वापरणारे मी पाहिले आहेत. एक दिवस रिम सुटते आणि पुंगळी डायमध्ये राहते.

रिम फाटून पुंगळी डायमध्ये अडकली. आता काय?

आधी कारण. दहापैकी नऊ वेळा वंगण कमी पडलेलं असतं. होल्डर फक्त शेवटचा घाव सोसतो. रायफलच्या पुंगळीला पोलादी डायमध्ये वंगणाशिवाय घालायचंच नाही. वंगण बोटाने पातळ लावायचं. खांद्यावर थापलं तर तिथे खड्डे पडतात.

आता इलाज. प्रेसवर आणखी जोर लावू नका. डाय प्रेसमधून काढा. डिकॅपिंग रॉड जेवढी वर घेता येईल तेवढी घ्या, नाहीतर ड्रिल तिच्यावर जाईल. डोळ्यांवर चष्मा घाला. जुना प्रायमर निघालेला आहे याची खात्री करा. मग बुडाच्या मधल्या भोकात ड्रिल मारून पाव इंची, इंचाला वीस आटे असा टॅप फिरवा आणि बोल्ट लावून, बाहेरून टेकू देऊन पुंगळी खेचून काढा. याचा तयार संच मिळतो, त्यात सात नंबरचं ड्रिल, टॅप, बोल्ट आणि टेकूची वाटी असते. एक संच घरात असू द्या.

एका कंपनीची डाय आणि दुसरीचा होल्डर चालतो का?

चालतो, फक्त एक माप डोक्यात ठेवायचं. पुंगळी होल्डरच्या ज्या तळावर उभी राहते तिथपासून होल्डरच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतची उंची साधारण ०.१२५ इंच, म्हणजे १२५ थाऊ, धरलेली असते. डाय बनवणाराही हेच माप गृहीत धरतो. पण प्रत्यक्षात होल्डरा-होल्डरात दोन-चार थाऊचा फरक पडतो.

हा फरक क्षुल्लक वाटतो, पण तो थेट पुंगळीच्या खांद्यावर उतरतो. होल्डर उंचीला कमी असेल तर पुंगळी डायमध्ये तेवढी जास्त शिरते आणि खांदा जास्त मागे जातो. जास्त असेल तर खांदा कमी मागे जातो. बोल्ट रायफलसाठी खांदा एक-दोन थाऊ मागे गेला की पुरतं. अर्धस्वयंचलितसाठी तीन ते पाच. म्हणजे होल्डर बदलला आणि डाय तशीच ठेवली, तर एवढ्याने सगळा हिशोब बिघडू शकतो. होल्डर बदलला की डाय पुन्हा लावायची आणि खांदा पुन्हा मोजायचा, यात सवलत नाही.

हाच फरक मुद्दाम वापरणारे होल्डरही मिळतात. रेडिंगचा पाच होल्डरांचा एक संच आहे: नेहमीपेक्षा दोन, चार, सहा, आठ आणि दहा थाऊ उंच. डाय होल्डरला घट्ट टेकवून ठेवायची आणि खांदा किती मागे न्यायचा ते होल्डर बदलून ठरवायचं. आटे फिरवून डाय वर-खाली करण्यापेक्षा हे कितीतरी खात्रीचं आहे. डायचे आटे इंचाला चौदा असतात. एक पूर्ण फेरा म्हणजे एकाहत्तर थाऊ आणि फेऱ्याचा आठवा भाग म्हणजे नऊ. हाताच्या अंदाजाने दोन थाऊ साधणं अवघड आहे. लांब पल्ल्याच्या नेमबाजीत पडलेल्या माझ्या प्रत्येक मित्राला मी हा संच घ्यायला सांगतो.

पुंगळी चेंबरमध्ये अजून घट्ट जाते. होल्डरचा वरचा भाग घासून कमी करू का?

असं करणारे आहेत. मी तरी करू नका असंच सांगेन. आधी डाय खरंच होल्डरला टेकते का ते बघा. रिकाम्या प्रेसवर टेकते, पण पुंगळी आत असताना प्रेस ताणला जाऊन मधे फट पडते. रॅम पूर्ण वर असताना डाय आणि होल्डर यांच्या मधून उजेड दिसतो का ते टॉर्च लावून पाहा. दिसत असेल तर डाय थोडी खाली घ्या. बहुतेक वेळा प्रश्न तिथेच सुटतो.

घासलेल्या होल्डरचा धोका असा की तो नंतर दुसऱ्या डायबरोबर, दुसऱ्या रायफलीसाठी वापरला जातो. खांदा प्रमाणाबाहेर मागे जातो. अशी पुंगळी झाडली की ती पुढे-मागे ताणली जाते आणि दर भरणीला बुडाच्या थोडं वर पितळ पातळ होत जातं. बाहेरून तिथे एक चकचकीत कडं दिसतं. कागदाची तारेची पिन सरळ करून तिचं टोक काटकोनात वाकवा आणि पुंगळीच्या आत भिंतीवरून खालून वर ओढा. टोक एखाद्या खळग्यात अडखळलं तर ती पुंगळी आतून तुटायला आली आहे. ती आणि त्याच वेळी तितक्याच वेळा भरलेल्या तिच्या सगळ्या बहिणी बाद करा. बूड वेगळं होऊन गरम वायू चेहऱ्याकडे येणं ही जिवावरची गोष्ट आहे.

हाताने प्रायमर बसवायच्या यंत्राला हाच होल्डर लागतो का?

ते यंत्रावर अवलंबून आहे. काही हातयंत्रांत प्रेसचाच होल्डर बसतो. लीच्या ऑटो प्राइमला तिचे वेगळे, पातळ होल्डर लागतात. नंबर तेच असतात, म्हणून लोक हमखास चुकीचे मागवतात. सार्वत्रिक जबड्याच्या यंत्राला होल्डरच लागत नाही.

प्रेसवर प्रायमर तिरका बसतो. होल्डरचा दोष?

असू शकतो. होल्डर रॅममध्ये एका स्प्रिंग क्लिपने धरलेला असतो आणि तो नेमका मध्यावर येतोच असं नाही. काही जण क्लिप काढून रॅमच्या खाचेभोवती रबरी ओ-रिंग घालतात. होल्डर पडत नाही आणि थोडा तरंगतोही. मला हा उपाय मनापासून आवडतो. शिवाय होल्डरच्या समोरच्या कडेवर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या आणि दर वेळी तो ठिपका आपल्याकडे ठेवूनच होल्डर बसवा, म्हणजे निदान रोजची चूक एकाच दिशेची राहते.

पण आधी पुंगळी तपासा. सैन्याच्या पुंगळ्यांत प्रायमरभोवती पितळ दाबून कडं केलेलं असतं. ते कापून किंवा दाबून साफ केल्याशिवाय नवा प्रायमर सरळ जात नाही. आणि प्रायमरला अडथळा लागतोय असं वाटलं की जोर लावायचा नाही. तो स्फोटक आहे. थांबा, बाहेर काढा, बघा.

पट्टा असलेल्या मॅग्नमला वेगळं काही?

होल्डरच्या दृष्टीने फार नाही. १९१२ च्या .३७५ एच अँड एच पासून आलेला तो पट्टा (पुंगळीभोवतीचं उंच कडं) खाचेच्या वर असतो आणि होल्डरचे ओठ त्याच्या खाली, खाचेत जातात. .३०० डब्ल्यूएसएमला पट्टा नाही, तरी होल्डर याच घराण्याचा.

एकाच प्रेसवर सारखे होल्डर बदलायचा कंटाळा येतो. पर्याय?

फॉर्स्टरचा को-ॲक्स प्रेस. त्यात होल्डरऐवजी स्प्रिंगवर सरकणारे जबडे असतात आणि ते बहुतेक रिमना स्वतःहून धरतात. महाग आहे, पण तीन-चार वेगवेगळी काडतुसं भरणाऱ्याला परवडतो. फिरत्या प्रेसवर होल्डरऐवजी शेल प्लेट असते, तिचे नंबर पुन्हा वेगळे.

भारतात गेल्यावर गावच्या काकांच्या .३१५ रायफलीसाठी हे करता येईल का?

नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमानुसार दारूगोळा तयार करायला परवाना लागतो आणि काकांचा बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे तो परवाना नव्हे. त्या कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रंही येतात. म्हणून सुट्टीवर जाताना बॅगेचे सगळे कप्पे उलटे करून झटका. रेंजवर नेलेली बॅग प्रवासाला वापरूच नका. विमानतळावर कोपऱ्यातून निघालेल्या एका काडतुसापायी लोकांची सुट्टी पोलीस ठाण्यात गेली आहे.

माझ्याकडे खडकीच्या कारखान्याची .३०३ ची जुनी पुंगळी आहे. आरसीबीएस सातमध्ये अगदी बरोबर बसते. भरता येईल?

हा प्रश्न मला एका पुणेकर मित्राने जुन्या सामानाच्या जत्रेतून आणलेली पुंगळी हातात देऊन विचारला होता. बुडावर 'के' आणि 'एफ' ही अक्षरं होती, म्हणजे किर्की, आपली खडकी. १८६९ पासूनचा कारखाना. हजारो मैलांवर ती अक्षरं बोटाखाली आली की काय वाटतं ते पुण्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको. भुसावळजवळच्या वरणगावचा 'ओएफव्ही' शिक्काही इथे सापडतो, कारण भारतीय ७.६२ चा जुना साठा एकेकाळी अमेरिकेत विकायला आला होता.

.३०३ ची रिम ०.५४० इंच आणि जाडी ०.०६४. म्हणजे होल्डरमध्ये ती बसणारच, माप तेच आहे. पण तोंडातून टॉर्च मारून तळाशी बघा. नेहमीच्या बॉक्सर पद्धतीच्या पुंगळीत मधोमध एकच भोक दिसतं आणि डिकॅपिंग पिन त्यातून जुना प्रायमर खाली ढकलते. या पुंगळीत मधे पितळाचा उंचवटा आहे आणि त्याच्या दोन बाजूंना दोन बारीक भोकं आहेत. ही बर्डन पद्धत. पिन सरळ त्या उंचवट्यावर आदळेल आणि मोडेल. वर त्या काळच्या प्रायमरमुळे पितळ आतून कमकुवत झालेलं असू शकतं.

मित्राला तेच सांगितलं. त्याने पुंगळी पुसली, बुडाची अक्षरं समोर येतील अशी बाकावरच्या फळीवर आडवी ठेवली आणि होल्डरमध्ये .३०८ लावली.